भिंतीवरची गोचीड

(दृश्य : जुन्या घराची पिवळट भिंत. संध्याकाळचं तिरकं ऊन. भिंतीवर काहीतरी बारीकसं सरकतंय.)

नीट बघा. पोपडा आलाय असं वाटेल, पण हा पोपडा हलतोय. राखाडी, टम्म फुगलेला, थेट एरंडाच्या बीसारखा. एरंडाच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द 'रिसिनस', आणि लॅटिनमध्ये रिसिनस म्हणजे गोचीड. इतकं दोघींचं रूप सारखं आहे.

आठवडाभर ही कुत्र्याच्या कानात बसून रक्त प्याली. पोट भरलं, सुटून खाली पडली आणि आता भिंत चढायला लागली. या जातीच्या गोचिडीला उंच चढायची सवयच असते. तिला एक फट हवी आहे. तिथे ती अंडी घालेल, आयुष्यात एकदाच, पण हजारोंनी. मग मरून जाईल.

आमच्या घरात ती फट आजोबांच्या तसबिरीमागे होती.

(दृश्य : अंगणातलं रिकामं गोणपाट. स्टीलचा वाडगा.)

चिमणी आमची गावठी कुत्री. पावसात भिजलेलं पिल्लू दारात आलं आणि घरचंच झालं. सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. श्रावणात एके दिवशी तिने दूध-भाकरीला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गेटवर पेपरवाला आला, ती उठलीसुद्धा नाही. अंग गरम लागत होतं. हवा बदललीय, असं घरात सगळेच म्हणाले. आईने तर माणसांची तापाची गोळी अर्धी करून हातात घेतली होती. शेजारच्या काकूंनी ती काढून घेतली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

इथे जरा थांबू या, कारण ही गोळी अनेक घरांत दिली जाते. निरोगी कुत्र्याच्या शरीराचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागणार. ताप आहे की नाही हे गुदद्वारात थर्मामीटर लावूनच कळतं, नाकाला हात लावून नाही. आणि पॅरासिटामॉल कुत्र्याचं यकृत खराब करू शकतं. मांजराला तर एक गोळीही जिवावर बेतू शकते. ते औषध पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंडावर सूज येते. घरातल्या औषधांच्या डब्यातलं काहीही आपल्या मनाने देऊ नका. हात जोडून सांगते.

चौथ्या दिवशी चिमणी उठली. जेवली, अंगणात दोन फेऱ्या मारल्या. बरी झाली, असं म्हणून आम्ही विषय सोडून दिला.

ती बरी झालेली नव्हती.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकातून दिसणारं रक्त. जांभळ्या रंगाच्या पेशी.)

या आजाराला एर्लिकिओसिस म्हणतात. दवाखान्यात सगळे 'टिक फीवर'च म्हणतात. गोचीड चावली की तिच्या लाळेतून एर्लिकिया कॅनिस नावाचा जिवाणू कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत शिरतो. त्याला दिवस लागत नाहीत, काही तास पुरतात. एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो, भूक जाते, गळ्याखालच्या गाठी सुजतात. दोन-चार आठवड्यांत हे सगळं आपोआप ओसरूही शकतं. फसायला होतं ते इथेच. कारण त्यानंतर येतो तो शांत काळ. कुत्रं खातंय, खेळतंय, शेपूट हलवतंय, आणि जिवाणू आत तसाच ठाण मांडून आहे. कधी काही महिने, कधी वर्षानुवर्षं. काही कुत्री स्वतःच त्यातून बाहेर पडतात. काहींच्या बाबतीत तो थेट हाडांतल्या मगजावर घाला घालतो, आणि रक्त तयार होणंच थांबत जातं.

या जिवाणूची पहिली नोंद 1935 साली अल्जीरियात झाली. जगाने त्याची खरी दखल घेतली ती व्हिएतनाम युद्धात. अमेरिकी लष्कराचे कितीतरी कुत्रे, बहुतेक जर्मन शेफर्ड, तिथे नाकातून रक्त येऊन मेले. याच गोचिडीमार्फत पसरणारा दुसरा आजार बबेसिया नावाच्या सूक्ष्म परजीवीचा. तो तांबड्या पेशी फोडतो. हिरड्या पांढुरक्या-पिवळ्या पडतात, लघवी कॉफीसारखी होते. त्यातल्या एका जातीची, बबेसिया गिब्सोनीची, ओळख पटली ती आपल्याच देशात. 1910 साली, मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात. म्हणजे हा काही परदेशी कुत्र्यांबरोबर आलेला नवा रोग नाही. गावठी कुत्र्याला काही होत नाही, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकवत नाही.

(दृश्य : पांढरी लादी. त्यावर रक्ताचे तीन थेंब.)

माघात एके सकाळी मी झाडत होते. लादीवर तीन थेंब दिसले. वाटलं पायाला काच लागली असेल. चारही पंजे बघितले, काही नाही. मग तिने मान वर केली, आणि डाव्या नाकपुडीतून एक बारीक धार ओठापर्यंत आली. तिला दुखत नव्हतं. ती माझ्याकडे बघून शेपूट हलवत होती. पोटाची लव बाजूला केली तर कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, असंख्य.

रक्त तपासलं. कुत्र्याच्या रक्तात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, साधारण दोन ते पाच लाख असतात. चिमणीच्या अठरा हजार होत्या. पांढऱ्या पेशी खाली, तांबड्या पेशी खाली. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पावसाळ्यात ताप येऊन गेला होता का हिला?"

डॉक्सिसायक्लिन हे यावरचं औषध. साधं, जुनं, फार महाग नाही. साधारण 28 दिवस द्यावं लागतं, आणि आठव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं तरी मध्येच बंद करायचं नसतं. श्रावणात सुरू केलं असतं तर बहुधा दोन-तीन दिवसांत फरक दिसला असता. माघात ते द्यायला सुरुवात केली, दोनदा रक्त चढवलं. चिमणी सतराव्या दिवशी गेली.

म्हणून सांगते, गोचिडी असलेल्या घरातलं कुत्रं दोन दिवस जेवलं नाही, तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. रक्ताची तपासणी करा आणि प्लेटलेटचा आकडा विचारा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर, इथल्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेले दवाखाने आहेत, जवळ असाल तर तिथे न्या. उपचार झाल्यावर पुन्हा रक्त तपासायचं ते पेशी मोजण्यासाठी. झटपट किटवरची चाचणी पुढे कित्येक महिने 'पॉझिटिव्ह'च येऊ शकते, कारण ती जिवाणू नव्हे तर अंगात तयार झालेली प्रतिपिंडं दाखवते. त्या एका रेघेने घाबरून जाऊ नका.

(दृश्य : तसबीर भिंतीवरून काढली जाते. मागे कोळिष्टकं, आणि तपकिरी दाण्यांचा पुंजका.)

चिमणी गेल्यावर महिन्याभराने घर रंगवायला काढलं, तेव्हा ही तसबीर खाली उतरवली. मागे अंड्यांचा पुंजका होता, साबुदाण्याची कणी सांडल्यासारखा. शेजारी नुकती निघालेली पिल्लं, खसखशीएवढी, सहा पायांची. मोठेपणी गोचिडीला आठ पाय असतात, पिल्लाला सहाच.

त्या दिवशी मला कळलं की आम्ही सहा वर्षं चुकीच्या जागी शोधत होतो. गोचीड आयुष्यात तीनदाच कुत्र्यावर चढते. पिल्लू असताना, मधल्या अवस्थेत आणि पूर्ण वाढल्यावर. दर वेळी काही दिवस रक्त पिते आणि उतरते. बाकीचं सगळं आयुष्य चौकटीच्या सांध्यात, लादीच्या भेगेत, स्विचबोर्डमागे, गोणपाटाच्या शिवणीत. वाढ झालेली गोचीड काही न खाता वर्षभराहून जास्त तग धरू शकते. आम्ही चिमणीला आंघोळी घालत राहिलो, आणि गोचिडी भिंतीत सुखाने राहत होत्या.

आणखी एक गोष्ट. एर्लिकिया गोचिडीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जात नाही. म्हणजे ती खसखशीएवढी पिल्लं जन्मतः निर्दोष असतात. त्यांना हा जिवाणू मिळतो आजारी कुत्र्याकडूनच. शांत काळातली चिमणी आमच्याच भिंतीतल्या गोचिडींना तो देत होती. कुत्र्यावर उपचार आणि भिंतीवर उपचार एकाच वेळी करायचे ते यासाठी.

(दृश्य : सिमेंटने बुजवलेल्या फटी. दोरीवर उन्हात टाकलेली अंथरुणं.)

आम्ही फटी बुजवल्या. गोणपाट जाळलं. अंथरूण दर आठवड्याला उकळत्या पाण्यात. फवारणी जाणकाराकडून करून घेतली, आणि काही आठवड्यांनी पुन्हा, कारण अंड्यांवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही. सुकेपर्यंत जनावरं घराबाहेर. कुत्र्यासाठी आता चघळायच्या गोळ्या मिळतात, काही महिनाभर पुरतात, काही तीन महिने. वजन करून, डॉक्टरांना विचारूनच द्यायच्या, आणि कुत्र्याला कधी फीट आली असेल तर ते आधी सांगायचं.

रॉकेल नको. तंबाखूचं पाणी नको. कपाशीवर मारायचं औषध तर मुळीच नको, त्याने गोचिडीआधी कुत्रं मरतं.

आणि घरात मांजर असेल तर हे दोनदा ऐका. कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या काही थेंबांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. मांजराला ते विष आहे. मांजरावर थेट टाकायलाच हवं असं नाही, औषध लावलेल्या कुत्र्याला खेटून झोपलं, त्याला चाटलं, तरी पुरतं. कान फडफडायला लागतात, मग अंग थरथरतं, मग झटके. अशा वेळी कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून ते धुवा, कोरडं करून उबदार गुंडाळा आणि तसंच उचलून दवाखाना गाठा.

(दृश्य : रात्र. पायरीवर बसलेली बाई. मांडीवर पसरलेला तांबूस कुत्रा.)

हा बंड्या. रोज रात्री जेवणं झाली की आमचं हे एक काम असतं. आधी कान, आतल्या घडीपर्यंत. मग पट्ट्याखाली. काखेत. शेपटीच्या मुळाशी. सगळ्यात शेवटी पंजे, एकेक बोट फाकवून, कारण तिथे त्याला गुदगुल्या होतात आणि तो पाय ओढून घेतो.

डोळ्यांनी नाही, बोटांनी शोधायचं. केसांत काहीतरी मसुरीएवढं लागतं.

(दृश्य : चिमटा. बोटांच्या बेचक्यातली गोचीड.)

चिमटा अगदी कातडीला टेकवायचा. पिळायचं नाही, झटका द्यायचा नाही. सरळ, सावकाश वर. आली. बोटांनी चिरडायची नाही, ही साबणाच्या पाण्याची वाटी आहे, तिच्यात टाकायची. हात धुवायचे.

आज एकच. काल एकही नव्हती.

बंड्या, दुसरा पाय दे.