तातडीचे काम आणि टीम लीडची जबाबदारी

सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या टीमचे नेतृत्व ज्यांच्याकडे असते, त्यांच्याकडे येणारी बरीचशी कामे "अर्जंट आहे" असे सांगतच येतात. कोणी चॅटवर निरोप टाकतो, कोणी थेट फोन करतो, तर कोणी टीम लीडला वगळून ओळखीच्या डेव्हलपरच्या टेबलाशी जाऊन उभा राहतो. रोज या मागण्यांना तोंड देणारे अनेक जण आज समोर बसले आहेत, म्हणून प्रास्ताविकात वेळ न घालवता मी माझे म्हणणे आधीच सांगतो. प्रत्येक तातडीचे काम दुसऱ्या कुठल्या तरी कामाचा वेळ घेऊन होते. तो वेळ कोणत्या कामातून जाणार आहे, हे मागणी करणाऱ्याला त्याच वेळी, स्पष्ट आणि लेखी सांगणे ही टीम लीडची पहिली जबाबदारी आहे. ते सांगितले गेले नाही म्हणून किंमत माफ होत नाही. टीममध्ये जे सर्वांत नवे असतात आणि ज्यांच्या तोंडून नकार निघत नाही, त्यांच्या रात्रींतून आणि सुट्ट्यांतून ती वसूल होते.

तातडी खरी आहे हे ओळखायचे कसे? मागणाऱ्याच्या हुद्द्यावरून किंवा आवाज किती चढला यावरून ती ओळखता येत नाही. उशीर झाला तर कोणाचे, किती आणि केव्हापासून नुकसान होणार आणि ते नंतर भरून काढता येईल का, हे विचारल्याशिवाय तिचा अंदाज लागत नाही. ३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेने दरांची फेररचना ठरवली आणि नवे दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून लागू झाले. बिलिंग आणि ईआरपी (कंपनीचे सर्व व्यवहार एकत्र सांभाळणारे) सॉफ्टवेअर करणाऱ्या टीमच्या हाती तीन आठवड्यांहूनही कमी वेळ होता. १२ आणि २८ टक्क्यांच्या टप्प्यांतल्या बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्क्यांत गेल्या. वरवर पाहता हे तक्त्यातले आकडे बदलण्याचे काम आहे. पण कामाला हात घातला की प्रश्न निघू लागतात: २१ तारखेला दिलेल्या मालाचे बिल २३ तारखेला निघाले तर दर कोणता, आधीच्या विक्रीतला माल परत आला तर क्रेडिट नोट (ग्राहकाच्या खात्यात रक्कम परत जमा करणारे पत्र) कोणत्या दराने काढायची, आणि एखाद्या दुकानदाराने १२ हा आकडा स्वतःच्या बिलाच्या नमुन्यात हाताने लिहून ठेवला असेल तर तो शोधायचा कसा? ही तातडी खरी होती, कारण तारीख बाहेरून ठरलेली होती, ती पुढे ढकलणे कोणाच्याच हातात नव्हते आणि चूक राहिली असती तर पहिल्या दिवसापासून प्रत्येक बिल चुकले असते. अशा वेळी टीम लीडने वाद न घालता बाकीची कामे बाजूला ठेवावीत, आणि ज्यांची कामे बाजूला पडली त्यांना त्याच दिवशी तसे कळवावे.

आता याच्या अगदी वेगळा प्रसंग पाहा. शुक्रवारी दुपारी चार वाजता सेल्सकडून निरोप येतो, "क्लायंट फार नाराज आहे, थकबाकीचा रिपोर्ट आजच्या आज हवा." माझ्या परिचयातल्या एका टीम लीडने अशा वेळी जे केले, ते सविस्तर सांगण्याजोगे आहे. तिने लगेच होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. फोन लावून तिने विचारले, "सर, हा रिपोर्ट त्यांच्याकडे कोण पाहणार आहेत, आणि कधी?" मंगळवारी संचालकांची बैठक आहे, असे उत्तर आले. "बैठकीत त्यांना काय ठरवायचे आहे?" यावर समोरचे गृहस्थ थोडे थांबले आणि म्हणाले, नव्वद दिवसांहून जुनी थकबाकी कोणाकडे किती आहे, एवढेच पाहायचे असावे. त्यांनी क्लायंटला विचारून खात्री केली, आणि तसेच निघाले. मागणी होती ती सर्व शाखांच्या डेटाबेसमधून माहिती गोळा करणाऱ्या लांबलचक रिपोर्टची. गरज होती ती ग्राहकाचे नाव, रक्कम आणि दिवस या तीन रकान्यांची. सोमवारी सकाळी डेटाबेसला विचारलेल्या एका क्वेरीने ते तीन रकाने काढून एक्सेलमध्ये पाठवले गेले, आणि पूर्ण रिपोर्ट पुढच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे टीमच्या कामाच्या पुढच्या ठरलेल्या टप्प्यात, रीतसर झाला.

या प्रसंगात सेल्सचे गृहस्थ खोटे बोलत नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. त्यांच्यावर क्लायंटचा दबाव होता, आणि दबावाखाली असलेला माणूस गरज सांगण्याऐवजी स्वतःला सुचलेला उपाय मागतो. त्यामुळे टीम लीडने प्रश्न जरूर विचारावेत, पण उलटतपासणीचा सूर लावू नये. शक्य असेल तिथे चॅटवर लिहीत बसण्यापेक्षा फोन करावा. चार-पाच मिनिटांच्या बोलण्यात जे उलगडते, ते लिहिण्यात तासभर गेला तरी उलगडत नाही.

बोलणे मात्र लेखी उतरले पाहिजे. त्यासाठी मोठे पत्रक लागत नाही. "हे काम आज घेत आहोत. त्यासाठी पेमेंट गेटवेच्या बदलाचे टेस्टिंग थांबवत आहोत, त्यामुळे तो बदल बुधवारऐवजी शुक्रवारी प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहकांच्या प्रत्यक्ष वापरात, जाईल. हे चालणार नसेल तर पाचच्या आत कळवावे." एवढा निरोप पुरतो, आणि पेमेंट गेटवेचे काम ज्यांनी मागितले होते त्यांनाही तो गेला पाहिजे. आपल्याकडच्या कंपन्यांत, विशेषतः परदेशी क्लायंटची कामे करणाऱ्या कंपन्यांत, वरिष्ठांना किंवा क्लायंटला तोंडावर नाही म्हणणे अवघड असते, आणि ते म्हणता आले नाही म्हणून अनेक चांगले टीम लीड मनातल्या मनात कुढत राहतात. या निरोपात नकार कुठेच नाही. त्यात होकार आहे आणि त्या होकाराची किंमत आहे. ती वाचल्यावर मागणारा अनेकदा स्वतःच म्हणतो, "मग राहू द्या, सोमवारी चालेल." दोन विभागांच्या मागण्या एकमेकींना छेद देत असतील, तर कोणाचा धंदा जास्त महत्त्वाचा याचा निवाडा टीम लीडने एकट्याने करू नये. दोघांना एका कॉलवर घ्यावे, आणि तिथेही मिटले नाही तर दोघांच्या सामाईक वरिष्ठांकडे जावे.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. टीमचा प्रत्येक तास स्प्रिंटमध्ये आधीच बसवलेला असतो, मग तातडीच्या कामाला वेळ आणायचा कुठून? माझ्या मते दोष त्या नियोजनातच आहे, आणि त्याचे गणित शंभर वर्षांहून जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन सेवेत काम करणाऱ्या ए. के. एरलांग यांनी येणाऱ्या कॉलच्या गणितावरचा आपला निबंध १९०९ साली प्रसिद्ध केला आणि त्यातून रांगांचे शास्त्र उभे राहिले. कामे अनियमित येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही अनिश्चित असतो, असे धरणारे या शास्त्रातले सर्वांत साधे मॉडेल घ्या. सरासरी एक तासाचे काम असेल आणि ते करणारा माणूस ८० टक्के वेळ गुंतलेला असेल, तर त्या कामाला हात लागण्याआधी सरासरी ४ तास वाट पाहावी लागते. माणूस ९० टक्के गुंतलेला असेल तर ९ तास, आणि ९५ टक्क्यांवर १९ तास. टीमचा शेवटचा तासही भरून टाकणारा व्यवस्थापक स्वतःला कार्यक्षम समजतो, पण प्रत्येक अनपेक्षित काम संकट बनेल याची तजवीज तोच करत असतो.

म्हणून थोडा वेळ मोकळा राखावा आणि त्या वेळेला एक नाव द्यावे. आठवड्याला एक जण आळीपाळीने तातडीच्या कामांसाठी नेमावा. बाहेरची प्रत्येक मागणी त्याच्याकडे किंवा टीम लीडकडेच यावी आणि बाकीच्यांचे लक्ष त्यांच्या कोडवर राहावे. त्या आठवड्यात त्याच्यावर स्प्रिंटचे मोठे काम टाकू नये. मागणी आली नाही, तर टेस्ट लिहिणे, जुन्या त्रुटी काढणे अशी कामे त्याला भरपूर असतात. गूगलच्या साइट रिलायबिलिटी टीमनी, म्हणजे सेवा अखंड चालू ठेवणाऱ्या टीमनी, अशा दैनंदिन कामांना अभियंत्याच्या निम्म्या वेळाची कमाल मर्यादा घातली होती. चार जणांच्या टीमला तोच आकडा लागू पडेल असे नाही, पण मर्यादा आधी ठरवलेली असणे महत्त्वाचे आहे.

आता खरोखरीच्या आणीबाणीकडे वळू. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे (Log4j) या जावा भाषेतल्या, सॉफ्टवेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या तयार कोडच्या लायब्ररीतली सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली, तेव्हा तिला गंभीरतेचे १० पैकी १० गुण मिळाले होते. त्या आठवड्यात ज्या टीम लीडकडे "ही लायब्ररी आपल्या कोणत्या सेवांत, कोणत्या आवृत्तीत आहे" याची यादी तयार होती, त्यांचे काम दुरुस्तीपासून सुरू झाले. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांचे पहिले दिवस शोधण्यातच गेले. शिवाय पहिली दुरुस्ती अपुरी ठरली. २.१५.० नंतर २.१६.० आणि २.१७.० या आवृत्त्या त्याच महिन्यात आल्या, त्यामुळे पहिले तिकीट (कामाची नोंद) बंद करून ज्यांनी टीमला पूर्ण मोकळे केले, त्यांना पुन्हा तीच धावपळ करावी लागली. भारतात तर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटनांची माहिती लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत द्यावी लागते. ती कंपनीतून कोण देणार, हे टीम लीडला आधीच ठाऊक असले पाहिजे.

घाईत शिस्त सोडली तर काय होते, याचे माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली कंपनीचे आहे. न्यूयॉर्क शेअर बाजाराची एक नवी योजना १ ऑगस्ट २०१२ रोजी सुरू होणार होती आणि कंपनीला त्या तारखेपर्यंत आपले सॉफ्टवेअर तयार ठेवायचे होते. नवा कोड आठ सर्व्हरवर जायचा होता. तो सातांवर गेला आणि एक राहून गेला. दुसऱ्या कोणी तो तपासावा, अशी लेखी पद्धत नव्हती. राहून गेलेल्या सर्व्हरवर अनेक वर्षांपूर्वी वापरातून गेलेला कोड तसाच होता, आणि त्याला जागे करणारा फ्लॅग (चालू-बंद करण्याची खूण) नव्या कामासाठी पुन्हा वापरला गेला होता. बाजार उघडण्याआधीच त्या सकाळी यंत्रणेने त्रुटीचे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते, पण ते इशारे म्हणून पाहण्याची रीतच नव्हती. बाजार उघडताच तो सर्व्हर बेसुमार ऑर्डर पाठवू लागला. दुरुस्ती करणाऱ्यांनी गडबडीत उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा, योग्य कोड काढून टाकला, आणि जुना कोड आठही सर्व्हरवर चालू लागला. सुमारे ४५ मिनिटांत झालेले नुकसान ४६ कोटी डॉलरहून अधिक होते.

त्या खोलीतली माणसे अडाणी नव्हती. रोलबॅक, म्हणजे आधीच्या कोडवर परत जाणे, हा आपल्या व्यवसायातला शहाणपणाचा उपाय आहे, आणि त्यांनी तोच केला. बिघाड कशात आहे हे कळण्याआधी केला, एवढेच. म्हणून आणीबाणीत टीम लीडने कीबोर्डला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. एकाने कमांड द्यावी, दुसऱ्याने ती चालण्यापूर्वी वाचावी, तिसऱ्याने क्लायंटला आणि वरिष्ठांना दर अर्ध्या तासाने कळवत राहावे, आणि टीम लीडने फक्त एवढे पाहावे की आता काय करणार आहोत, त्याने बिघडले तर परत कसे येणार आहोत आणि हे कोणी तपासले आहे. दोन ओळींच्या हॉटफिक्सवरही, म्हणजे तातडीच्या दुरुस्तीवरही, दुसऱ्याची नजर फिरलीच पाहिजे. थकलेल्या माणसाला घरी पाठवण्याचा अधिकारही टीम लीडने वापरला पाहिजे. कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीतल्या ३१ जानेवारी २०१७ च्या घटनेत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. ती कमांड देणारा अभियंता रात्र झाल्यामुळे काम थांबवण्याच्याच बेतात होता आणि ऐन वेळी नवी अडचण आल्यामुळे कामावरच राहिला होता. कंपनीने हे सर्व स्वतःहून जाहीर केले आणि त्या एका माणसावर दोष ढकलला नाही, हे अनुकरणीय आहे.

काम पार पडल्यावर दोन गोष्टी राहतात. घाईत जे टाळले गेले, मग ती टेस्ट असो किंवा कोडमध्ये थेट लिहिलेला आकडा असो, त्याचे तिकीट त्याच दिवशी नाव आणि तारीख घालून निघाले पाहिजे, आणि रात्र जागवलेल्यांना न मागता भरपाईची सुट्टी मिळाली पाहिजे. दुसरी गोष्ट नोंदीची. प्रत्येक तातडीची मागणी कोणाकडून आली, कोणत्या कारणाने आली आणि तिच्यासाठी काय थांबले, हे एका साध्या शीटमध्ये लिहीत जावे. दोन-तीन महिन्यांनी ती शीट उघडली की दर महिनाअखेरीला तोच विभाग तोच रिपोर्ट मागतो आहे, किंवा एकाच मॉड्यूलमध्ये पुन्हा पुन्हा हॉटफिक्स जात आहेत, असे दिसू लागते. मग त्या विभागाला रिपोर्ट स्वतः काढता येईल अशी स्क्रीन करून देणे, किंवा ते मॉड्यूल नव्याने लिहिण्यासाठी एक स्प्रिंट मागणे, ही मागणी टीम लीडला आकड्यांसह वरिष्ठांपुढे ठेवता येते.