चक फिरू लागण्यापूर्वी

पुण्यात भोसरी येथील एका वर्कशॉपमध्ये नव्या प्रशिक्षणार्थींपुढे दिलेल्या व्याख्यानाचे हे संपादित शब्दांकन आहे.

राखीपौर्णिमा होऊन आठ दिवस झाले आहेत आणि इथे बसलेल्या निम्म्या मुलांच्या मनगटावर अजून राखी दिसते आहे. ती पाहिल्यावर बोलायला सुरुवात कुठून करावी, हा माझा प्रश्न मिटला. बहिणीने बांधलेला धागा आपण होऊन तोडू नये, तो गळून पडेपर्यंत ठेवावा, अशी पुष्कळ घरांत रीत आहे आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मात्र एकाच स्पिंडलवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, ड्रिलिंग (भोके पाडणे) आणि मिलिंग (फिरत्या कटरने धातू तासणे) करणाऱ्या या मशीनपुढे तुम्ही उभे राहता तेव्हा तो रेशमी धागा, हातातले कडे, बोटातली अंगठी, गळ्यातला गंडा, ओढणी, पुढे आलेली वेणी आणि बटण न लावलेली बाही यांत मशीन काही भेद करत नाही.

थोडा हिशेब करू. हायस्पीड स्टीलचे १० मिलिमीटरचे ड्रिल माइल्ड स्टीलमध्ये चालवायचे असेल तर कापण्याचा वेग मिनिटाला साधारण २५ मीटर धरतात. या २५ ला १००० ने गुणून, व्यास आणि ३.१४ यांच्या गुणाकाराने भागले की मिनिटाला सुमारे ८०० फेरे येतात, म्हणजे सेकंदाला तेरा. ड्रिल ज्या चकमध्ये धरले आहे त्याचा व्यास ४० मिलिमीटर असेल तर त्याचा परीघ साडेबारा सेंटीमीटर भरतो. काही तरी बिघडले आहे हे कळून हात मागे घेण्यास माणसाला पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्या वेळात चक तीनपेक्षा जास्त फेरे मारतो आणि जे काही त्यात अडकले असेल त्याची चाळीस सेंटीमीटर लांबी स्वतःभोवती गुंडाळून घेतो. हे अंतर तुमच्या बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत येऊन पोहोचते. लाल बटणापर्यंत दुसरा हात जाण्याचा आणि त्यानंतर स्पिंडल थांबण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. त्यामुळे ‘लक्ष ठेवून काम करा’ एवढा एकच सल्ला जिथे भिंतीवर रंगवलेला असतो, तिथे सुरक्षिततेचा विचार पुरेसा झालेला नाही, असे मी समजतो. लक्ष कितीही असले तरी पाव सेकंद लागतोच.

हातमोज्यांचेही हेच आहे, आणि इथे चांगल्या सुपरवायझरांचीही गल्लत होताना मी पाहिली आहे. मोजे म्हणजे सुरक्षितता, असे समीकरण त्यांच्या डोक्यात पक्के झालेले असते. पत्रे उचलताना, धारदार कडांचे कास्टिंग टेबलावर चढवताना आणि मशीन बंद करून सफाई करताना मोजे जरूर घालावेत. स्पिंडल सुरू करण्यापूर्वी ते काढून बाजूला ठेवावेत. उघड्या बोटाला ड्रिलचा ओरखडा बसेल, फार तर जखम होईल, पण विणलेल्या मोज्याचा एक धागा ड्रिलच्या खाचेत गेला की मोज्याबरोबर बोटही ओढले जाते. तेलाच्या चिंधीने फिरत्या ड्रिलवर कुलंट (ते गार ठेवणारा द्रव) लावण्याची सवय याच जातीची आहे. त्यासाठी लांब दांड्याचा ब्रश वापरावा.

अंगावर मोकळे काही नको, हा या विषयाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग टेबलावरचा आहे, आणि तो मी स्वतःच्या तळहातावर शिकलो. एकोणीस वर्षांचा असताना एका छोट्या शेडमध्ये मला दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात १२ मिलिमीटरची सहा भोके पाडायची होती. पाच भोके हाताने पत्रा दाबून धरून पाडली आणि ती बिनबोभाट पडली, त्यामुळे सहाव्या भोकासाठी क्लॅम्प शोधण्याचे काही कारण मला दिसले नाही. ड्रिल खालून बाहेर पडता पडता पत्रा एकदम वर उचलला गेला, ड्रिलवर चढला आणि पात्यासारखा फिरला. अंगठ्याच्या मुळाशी सात टाके पडले.

असे का होते, ते समजून घ्या. ड्रिलच्या अगदी मध्यावरची कड धातू नीट कापत नाही, ती तो दाबून बाजूला सारते, आणि हँडलवर आपण लावतो त्या जोरापैकी बराचसा तिथेच खर्च होतो. ते टोक पत्र्यातून पार गेले की विरोध अचानक नाहीसा होतो, पण हाताचा जोर मात्र तेवढाच राहतो. ड्रिल एकदम खाली घुसते, त्याच्या दोन्ही धारा उरलेल्या पातळ कडेत रुततात आणि पत्रा ड्रिलच्या पिळावरून, स्क्रूवर नट चढावा तसा, वर चढू लागतो. पत्रा जितका पातळ, तितकी ही ओढ लबाड. पितळेत तर ती जाड तुकड्यातही जाणवते, म्हणून जाणते कारागीर पितळेसाठी ड्रिलच्या धारेचा पुढचा कोन सहाणेवर किंचित मोडून घेतात.

पत्र्याखाली लाकडाची सपाट फळी द्यावी, फळीसह पत्रा टेबलाला दोन ठिकाणी क्लॅम्प करावा आणि टोक बाहेर पडण्याच्या बेतात आले की हँडलवरचा हात हलका करावा. आवाज बदलतो, तो ऐकायला शिकावे. लांब पट्टी असेल तर तिचा लांब भाग आपल्या डाव्या हाताला ठेवून ती मशीनच्या स्तंभाच्या डाव्या अंगाला टेकवावी. वरून पाहता ड्रिल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, त्यामुळे निसटलेल्या पट्टीची डावी बाजू मागे जाते आणि स्तंभावर अडते. तीच पट्टी उजवीकडे लांब ठेवली तर तिचे टोक सरळ तुमच्या पोटाकडे येते. ही व्यवस्था क्लॅम्पच्या ऐवजी नाही, क्लॅम्प लावल्यावर वरची आहे.

व्हाइसमध्ये, म्हणजे आवळायच्या शिकंज्यात, जॉब (ज्यावर काम करायचे तो तुकडा) धरला म्हणजे काम झाले, असेही नाही. व्हाइस स्वतः टेबलाला बोल्टने बांधलेला हवा. जॉबखाली पॅरलल, म्हणजे समांतर कडांची पोलादी पट्टी, ठेवून व्हाइस आवळा, जॉबवर प्लास्टिकच्या किंवा तांब्याच्या हातोडीने दोन टोले द्या, आणि मग पॅरलल बोटाने सरकवून पाहा. तो सरकला तर जॉब बसलेला नाही, वर उचलला गेला आहे. या तपासणीला दहा सेकंदही लागत नाहीत.

व्हाइसमध्ये न मावणाऱ्या जॉबसाठी टी-स्लॉटमधून (टेबलातल्या उलट्या टी आकाराच्या खाचेतून) बोल्ट काढून पट्टीचा क्लॅम्प लावतात, आणि तिथे हमखास होणारी चूक मी तुम्हाला आता दाखवणार आहे. हा बोल्ट पाहा. तो पॅकिंगच्या, म्हणजे पट्टीच्या दुसऱ्या टोकाखालच्या ठोकळ्याच्या, जवळ आहे आणि जॉबपासून लांब. कारागिराने पाना लावून पूर्ण ताकदीने तो आवळला आहे, त्यामुळे त्याचे समाधान झाले आहे. पण पट्टी ही तरफ आहे. बोल्ट जॉबपासून एक तृतीयांश अंतरावर असेल तर त्याचा दोन तृतीयांश दाब जॉबवर येतो. तोच बोल्ट पॅकिंगपासून एक तृतीयांश अंतरावर गेला की जॉबच्या वाट्याला फक्त एक तृतीयांश उरतो आणि बाकीचा सगळा दाब पॅकिंग बिचारे सोसते. तेव्हा बोल्ट जॉबच्या जवळ घ्यावा. पॅकिंगची उंची जॉबइतकी किंवा केसभर जास्त असावी. ती कमी पडली तर पट्टी तिरपी होऊन फक्त जॉबच्या कडेवर टेकते आणि कटरचे हादरे बसू लागले की हळूहळू घसरते.

आता मिलिंगकडे वळतो. ड्रिलिंगमध्ये चालून जाणारी ढिलाई मिलिंगमध्ये चालत नाही, कारण जोराची दिशाच बदलते. ड्रिलिंग करताना जोर खालून वर, स्पिंडलच्या रेषेत येतो आणि चकची निमुळती बैठक त्याने उलट घट्ट होत जाते. मिलिंगमध्ये जोर आडवा येतो, तोही प्रत्येक दाताबरोबर ठोके देत. केवळ घर्षणावर बसलेली निमुळती बैठक या हादऱ्यांनी सुटते आणि चालू कटरसकट चक टेबलावर येऊन पडतो. शिवाय एंडमिलचा, म्हणजे टोकाला आणि बाजूंनाही धारा असलेल्या मिलिंग कटरचा, पिळ तिला स्वतःला खाली ओढत असतो. तिच्या गुळगुळीत, कडक दांड्यावर चकच्या तीन जबड्यांची पकड फक्त तीन रेषांवर असते. म्हणून ड्रिल चकमध्ये एंडमिल धरायची नाही. तिच्यासाठी कोलेट, म्हणजे दांड्याला चहूबाजूंनी आवळणारी चिरलेली नळी, वापरायची आणि ती वरून ड्रॉबारने (स्पिंडलमधून जाणाऱ्या लांब बोल्टने) खेचून घट्ट करायची. कोलेटचा संच महाग असतो हे मलाही ठाऊक आहे, आणि बोहरी आळीत भाव विचारून रिकाम्या हाताने परत आलेले लोकही मी पाहिले आहेत; त्यांनी तो येईपर्यंत मिलिंगचे काम बाहेर द्यावे. कटर उतरवताना ड्रॉबार ढिला करण्याआधी खालून जाड कापडाने कटर धरावा, नाहीतर तो सुटल्यावर झेलायला हात आपोआप पुढे जातो.

मिलिंग सुरू करण्यापूर्वी स्पिंडलचा क्विल (स्पिंडलला वर-खाली नेणारी नळी) लॉक करावा आणि ज्या दिशेला टेबल सरकवायचे नाही ती दिशाही लॉक करावी. जॉब कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने भरवावा, याला आपण अप मिलिंग म्हणतो. जॉब कटरच्याच दिशेने भरवला तर फिनिश चांगले येते, हे खरे आहे. पण जुन्या मशीनच्या लीडस्क्रूमध्ये (टेबल सरकवणाऱ्या स्क्रूमध्ये) जी मोकळीक पडलेली असते तेवढे टेबल कटर स्वतःच हिसका देऊन ओढून घेतो आणि एका दाताला दोन-तीन दातांचे काम पडून कटर तुटतो. हँडल उलट फिरवून ही मोकळीक किती आहे ते आधी पाहून ठेवावे.

मिलिंगचा कीस आखूड, गरम आणि सुईसारखा असतो. तो ब्रशने काढावा, तोही स्पिंडल थांबल्यावर. कॉम्प्रेसरच्या हवेने तो शेजारच्याच्या डोळ्यांत जातो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात उडणाऱ्या कणांपासून डोळ्यांच्या संरक्षणासाठी ३५ वे कलम स्वतंत्रपणे घातले गेले, ते उगाच नाही. रोजचा नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, कारण त्याच्या बाजू उघड्या असतात. डोळ्यात कण गेलाच तर चोळू नये, आणि रुमालाच्या टोकाने तो काढून देणारा हौशी तज्ज्ञ प्रत्येक शेडमध्ये असतो, त्याच्याही हाती डोळा देऊ नये. डोळा झाकून दवाखाना गाठावा.

चकची चावी चकमध्ये राहणे आणि ड्रॉबारवरचा पाना वरच राहणे, या दोन चुका माणूस वीस वर्षांच्या अनुभवानंतरही करतो. यावर माझ्या माहितीतला उपाय एकच, आणि तो स्मरणशक्तीवर सोपवलेला नाही: चावी चकमध्ये असेपर्यंत हात तिच्यावरून काढायचा नाही. खंडेनवमीला आपण मशीनची पूजा करून स्पिंडलच्या डोक्यावर झेंडूची माळ घालतो. ती दसऱ्यानंतर कामाच्या पहिल्या दिवशी, मेन स्विच लावण्याच्याही आधी, उतरवावी. फुले सुकतात, पण ओवलेला दोरा सुकून तुटत नाही.

शेवटी विजेचे. आपल्या भागात गुरुवारी वीज जाते हे सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहे, आणि वीज गेली की माणसे बटण बंद न करताच चहाला निघतात. मशीनला साधा खटक्याचा स्विच असेल तर वीज आल्यावर स्पिंडल आपोआप फिरू लागतो, आणि त्या वेळी कोणी तरी ड्रिल बदलत असू शकतो. चुंबकीय स्टार्टर असेल तर वीज जाताच त्याचा काँटॅक्टर, म्हणजे चुंबकाने ओढून धरलेला स्विच, सुटतो आणि हिरवे बटण पुन्हा दाबेपर्यंत मशीन चालू होत नाही. या मशीनवर काय बसवले आहे, हे त्याच्या पाटीवर वाचून कळणार नाही. राख्या उतरवून खिशात ठेवा, गॉगल घाला आणि दोन पावले मागे उभे राहा. चकमध्ये काहीही न लावता आपण स्पिंडल चालू करू, भिंतीवरचा मेन बंद करू, स्पिंडल पूर्ण थांबू देऊ आणि मग मेन पुन्हा लावून पाहू.