वाईलातपू : राय गवताचे ठिकाण

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यातील वॉला वॉला गावाच्या पश्चिमेला सातेक मैलांवर, उंच राय गवत वाऱ्यावर सळसळत असते. इथले मूळ रहिवासी असलेले कायूस लोक या जागेला वाईलातपू म्हणत, म्हणजे राय गवताचे ठिकाण. आज इथे एकही जुनी भिंत उभी नाही. गवतातून चालताना जमिनीत बसवलेल्या चौकटी दिसतात, त्यांवरून घर कुठे होते, शाळा कुठे भरत होती, याचा अंदाज बांधायचा.

१८३६ साली डॉ. मार्कस व्हिटमन आणि त्यांच्या पत्नी नार्सिसा यांनी इथे मिशन सुरू केले. त्यांना पाठवणारे मिशनरी मंडळ आपल्याला परके नाही, कारण १८१३पासून मुंबईत आणि पुढे अहमदनगरला काम करणारे अमेरिकन मराठी मिशन याच मंडळाचे होते. इथे मात्र धर्मोपदेशकांच्या पाठोपाठ वसाहतवाल्यांचे तांडे आले, आणि सारा वाद तिथूनच उभा राहतो.

जवळून वाहणाऱ्या नदीपाशी थोडे थांबायला हवे. १८३९च्या जूनमध्ये व्हिटमन दांपत्याची दोन वर्षांची एकुलती एक मुलगी ॲलिस पाणी आणायला म्हणून दोन पेले घेऊन इथे आली आणि बुडाली. आधी ते पेलेच पाण्यात दिसले. तिचा देह पाण्यातून बाहेर काढला तो एका वृद्ध स्थानिक माणसाने. पुढे जे घडले ते समजून घेताना हा प्रसंग विसरून चालणार नाही, कारण ही माणसे एकमेकांचे शेजारी होती.

१८४२मध्ये मंडळाने हे ठाणे बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा तो मागे घेण्याची विनंती करायला डॉक्टर ऐन हिवाळ्यात घोड्यावरून पूर्वेकडे निघाले आणि पुढच्या वर्षी परतले ते सुमारे हजार वसाहतवाल्यांच्या तांड्याबरोबर. त्यानंतर दरवर्षी गाड्यांच्या रांगा येत राहिल्या आणि मिशन हे त्या वाटेवरचे विसाव्याचे ठिकाण बनले. आपल्या चराईच्या जमिनीवरून जाणारी ही रांग कायूस लोकांना कशाची नांदी वाटली असेल, हे वेगळे सांगायला नको.

१८४७मध्ये गोवराची साथ आली. डॉक्टर दोन्हीकडच्या रोग्यांना औषध देत होते. गोऱ्यांची मुले बहुतांशी बरी होत होती, पण ज्यांच्या अंगी या रोगाचा प्रतिकारच नव्हता त्या कायूसांपैकी जवळपास निम्मे लोक दगावले. डॉक्टर विष घालतात अशी कुजबुज पसरली. ज्या वैद्याच्या हातून रोगी दगावतो त्याला जिवाने भरपाई करावी लागू शकते, अशी त्यांची परंपराही होती. २९ नोव्हेंबरला हल्ला झाला. व्हिटमन दांपत्यासह तेरा जण मारले गेले आणि सुमारे पन्नास जणांना ओलीस धरण्यात आले. फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीचे पीटर स्कीन ऑग्डेन यांनी पुढे मोबदला देऊन त्यांची सुटका केली.

मृतांची सामूहिक कबर टेकडीच्या पायथ्याशी आहे. तिच्यावरची संगमरवरी शिळा आणि टेकडीवरचा स्तंभ १८९७चे. हा सारा भाग तेव्हा ज्यात मोडत असे तो ऑरेगन प्रांत अमेरिकेसाठी वाचवण्याकरताच डॉक्टरांनी १८४२चा तो प्रवास केला, ही दंतकथा तेव्हा जोरात होती. इतिहासकारांनी लवकरच तिचा आधार काढून घेतला. शिळा वाचताना मन हेलावते, यात शंका नाही. मारल्या गेलेल्यांत दोन पोरकी सेगर भावंडे होती, आई-वडील वाटेतच गमावलेली. पण इथे जे कोरलेले आहे ते एकाच बाजूचे दुःख आहे.

दुसऱ्या बाजूसाठी, जिथे पुढे खटला चालला त्या ऑरेगन सिटीला जावे लागते. हल्ल्यानंतर दोन वर्षे चाललेल्या युद्धाने आणि उपासमारीने थकलेल्या कायूसांपैकी पाच जण स्वाधीन झाले. १८४७मध्ये या भूमीवर अमेरिकेचे कायदे लागूच नव्हते, हा बचाव पक्षाचा युक्तिवाद न्यायाधीशांनी फेटाळला. ३ जून १८५० रोजी पाचही जणांना फासावर चढवण्यात आले आणि ती शिक्षा बजावणाऱ्या मार्शल जो मीक यांची स्वतःची मुलगी हेलन याच मिशनमध्ये गोवराने गेली होती.

तिलौकाइक्त, तोमाहास, क्लोकोमास, इशायाचाल्कीस, कियामासुम्पकिन. या पाच जणांना कुठे पुरले ते ठिकाण आजवर सापडलेले नाही. त्यांचे वंशज उमाटिला राखीव क्षेत्रात राहतात आणि अजून ती जागा शोधत आहेत.