प्रार्थनेचंही वय वाढतं

(बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक धर्मग्रामात, ईस्टरपूर्वीच्या तपस्याकाळातील मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आदरणीय फादर, सिस्टर आणि बंधुभगिनींनो,

आपल्या मुलांना प्रार्थना शिकवली जाते ती पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे कम्युनियनच्या वर्षी. सगळं तोंडपाठ करून घेतात. पुढं दृढीकरणाच्या, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या वेळी थोडी उजळणी होते. त्यानंतर मात्र ‘तुझी प्रार्थना कशी चाललीय?’ असं जन्मभर कुणी विचारत नाही. लग्न होतं, मुलं होतात, आईवडील जातात, गुडघे धरतात. लहानपणी शिकलेली प्रार्थना आता तशी होत नाही म्हणून माणूस आतल्या आत खंतावतो. आपली श्रद्धाच आटली असं कित्येकांना वाटतं. आज मला बोलायचं आहे ते या लोकांशी.

आमच्या पिढीनं एक मोठा बदल डोळ्यांनी पाहिला. आम्ही लहान होतो तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये असे. घरी रोझरीनंतर, म्हणजे मरियेच्या जपमाळेनंतर, लितानी ही नामावळीची प्रार्थना सुरू झाली की आम्ही मुलं ‘ओरा प्रो नोबिस’ (आमच्यासाठी विनंती कर) म्हणत डुलक्या घ्यायचो. तेव्हा अर्थ कळत नव्हता, पण घरातली सगळी माणसं एकाच दिशेला तोंड करून बसलीत, एवढं कळत होतं. ते मला आजही कमी वाटत नाही. 1963 साली व्हॅटिकन परिषदेनं उपासनेत लोकांच्या भाषेला वाट करून दिली, आणि आपल्या या सीमेवरच्या भागात तर एकेका घरात दोन-तीन भाषा आल्या. माझ्या ओळखीच्या एका घरात सासूबाई कोकणीतून सुरुवात करतात, सून मराठीतून, नातवंडं इंग्रजीतून. रोझरीची पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, अशी वाटून घेतलेली आहेत. रोझरी म्हणताना येशू आणि मरियेच्या आयुष्यातल्या ज्या घटनांचं मनन करतात त्यांना रहस्यं म्हणतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली त्यांत प्रकाशाची रहस्यं सुचवली, ती गुरुवारी म्हणतात. सासूबाई मात्र गुरुवारीही आनंदाचीच रहस्यं म्हणतात, पूर्वी म्हणत तशी. घरात त्यांना कुणी टोकत नाही. शहाणं घर आहे ते.

आता तरुण आयांकडे येते. तान्हं मूल घरात असलं की अर्धा तास निवांत बसणं होत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस दि सेल्स यांनी 1609 साली संसारी माणसांसाठीच मुद्दाम पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी स्वच्छ सांगितलंय की भक्ती ज्याच्या त्याच्या जबाबदारीला साजेशी हवी. संसारी माणूस कपुचिन या निर्धन राहणाऱ्या संघाच्या संन्याशासारखा वागू लागला, पैशाअडक्याचं काही बघेनासा झाला, तर ती भक्ती विपरीत ठरेल. तेव्हा रात्री दोन वाजता रडणारं बाळ खांद्यावर घेऊन ‘प्रभू येशू, दया कर’ एवढंच निघालं, तरी ती त्या वयाची पुरी प्रार्थना आहे. तिला उरलीसुरली समजू नका.

चाळिशी-पन्नाशीत मात्र वेगळंच घडतं. वेळ असतो, पण बसलं की काहीच हलत नाही. इथं स्पेनमधल्या अविलाच्या संत तेरेसाकडे जावं. प्रार्थना म्हणजे मनाच्या बागेला पाणी देणं, असं म्हणत त्याच्या चार रीती तिनं सांगितल्या: विहिरीतून पोहऱ्यानं शेंदायचं, रहाटानं काढायचं, ओढ्याचं पाट काढून आणायचं, आणि चौथा पाऊस. आपल्या कणकुंबीकडच्या, मलप्रभेच्या उगमाकडच्या माणसाला पाऊस समजावून सांगावा लागत नाही. तो पडतो तेव्हा आपले कष्ट मोजून पडत नाही. आणि हे सांगणाऱ्या तेरेसाला स्वतःला सुमारे अठरा वर्षं हाती पुस्तक घेतल्याशिवाय प्रार्थनेला बसायचं धाडस होत नव्हतं. तास कधी संपतो, घड्याळाचे टोले कधी पडतात, याकडेच कान लागलेले असत, असं तिनंच लिहून ठेवलंय. ती पुढं चर्चची आचार्या, म्हणजे चर्चनं मान्य केलेली श्रेष्ठ शिक्षिका ठरली.

पण कोरडेपणाचीही पारख करावी लागते. तेरेसाचा सोबती संत योहान ऑफ द क्रॉस याबाबत फार काटेकोर आहे. देवाच्या गोष्टीत गोडी नाही, पण टीव्हीत, गप्पांत, खरेदीत भरपूर आहे, तर तो आपला ढिलेपणा. तिथं सवयच सुधारायला हवी. पण गोडी कशातच नाही, पूर्वीसारखं मनन करू म्हटलं तरी जमत नाही, आणि ‘मी देवाची सेवा करत नाही’ ही टोचणी मात्र सुटत नाही, अशा तिन्ही खुणा एकत्र असतील तर देव पुढं नेतो आहे असं तो म्हणतो. अशा वेळी जबरदस्तीनं जुनी पद्धत ओढू नये. शांतपणे बसून राहावं. मदर तेरेसांनी जवळजवळ पन्नास वर्षं असा अंधार सोसला, हे त्यांच्या पत्रांतून जगाला कळलं.

माझ्या मते आपल्याकडे खरी संपत्ती आहे ती वयस्कर माणसांकडे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद नेतात, तेव्हा मी सोबत जाते. एक गृहस्थ आहेत, जन्म बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत गेला, कान त्या आवाजानं गेले. ते रोझरी मोठ्यानं म्हणतात, कारण स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. प्रत्येक मण्याला एक नाव घेतात. बायको, मुलं, मग शेजारी, मग पाळीतले जुने सोबती, त्यांत मराठा, लिंगायत, मुसलमान सगळे आले. कितीतरी जण आता हयात नाहीत. मी एकदा कागदावर लिहून विचारलं, एवढी नावं कशी आठवतात? म्हणाले, ‘तरुणपणी मी फक्त स्वतःसाठी मागायचो, लवकर संपायचं. आता मणी पुरत नाहीत.’

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून फादरांच्या परवानगीनं माझी एक विनंती आहे. पुढच्या पहिल्या शुक्रवारपासून दृढीकरणाच्या वर्गातला एकेक मुलगा किंवा मुलगी आमच्याबरोबर द्या. ख्रिस्तप्रसाद झाल्यावर दहा मिनिटं तिथंच बसायचं आणि आजी-आजोबांना विचारायचं की तुम्ही माझ्या वयाचे होता तेव्हा प्रार्थना कशी करायचात, आणि आता कशी करता. घरांची यादी सिस्टरांकडे आहे. नावं आज मिस्सा संपल्यावर द्या.