खिशातला कॅमेरा बदलताना

मंडळी, कोल्हापुरात कॅमेऱ्यावर बोलायला उभं राहिलं की बाबूराव पेंटरांचं नाव घेतल्याशिवाय सुटका नाही. १९१८ साली या माणसानं सिनेमाचा कॅमेरा इथंच, स्वतःच्या हातांनी घडवला. नवं मॉडेल कधी येतंय म्हणून त्यांना वाट बघत बसावं लागलं नाही. आपल्याला लागतं, म्हणून हे बोलणं.

माझ्याकडं सोनीचा आरएक्स १०० मार्क थ्री होता. २०१४ चं मॉडेल. शर्टाच्या खिशात जेमतेम मावणारा, पण एक इंची सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या तुकड्याचा. (या ‘एक इंची’त इंच कुठंच सापडत नाही बरं का. सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरनं ते नाव चिकटलंय.) मग मी मार्क सेव्हन घेतला, २०१९ चा. दुकानदार म्हणाला, “जुन्यातलं सगळं आहे, वर आणखी.” मी मान डोलावली. घरी येऊन बघतो तर जुन्यातलं सगळं नव्हतं.

थ्रीची लेन्स २४ ते ७० मिलिमीटर, एफ १.८ ते २.८. सेव्हनची २४ ते २००, पण एफ २.८ ते ४.५. (मिलिमीटर वाढले की लांबचं जवळ येतं, एफचा आकडा वाढला की आत येणारा उजेड घटतो.) शरीर जवळपास तेवढंच, वजनात फरक फक्त बारा ग्रॅमचा. एवढ्याशा डबीत झूम वाढवायचा म्हटल्यावर कुठंतरी हात आखडता घ्यावाच लागणार, तो उजेडावर घेतला. कंपनीनं लपवलं काहीच नाही, आकडे खोक्यावर छापलेत. आपण फक्त ‘२००’ वाचतो.

आता हे तालमीत काय करतं बघा. पहाटेची वेळ, वर एखादी ट्यूबलाइट, खाली लाल माती. पैलवान जोर काढतायत. २४ मिलिमीटरला एफ १.८ आणि एफ २.८ यांत उजेडाचा फरक जवळपास २.४ पटींचा. म्हणजे शटर तेवढाच वेळ उघडं ठेवलं तर थ्रीवर आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा त्याचा आकडा) १६०० ला निघणारा फोटो सेव्हनवर ४००० च्या घरात जातो. सेन्सर एकाच मापाचे, त्यामुळं वरच्या आयएसओवर लाल मातीच्या सावल्यांत दाणे दिसायला लागतात. मातीचे नव्हेत, कॅमेऱ्याचे.

पण कुस्ती लागली की पारडं फिरतं. थ्रीचा फोकस मागं-पुढं हुडकत बसतो, तोवर डाव होऊन जातो. सेव्हनमध्ये फेज डिटेक्शनचे, म्हणजे फोकस झटक्यात जुळवणारे, ३५७ बिंदू आहेत, सेकंदाला २० फोटो निघतात, आणि पैलवानाचा डोळा एकदा धरला की सोडत नाही. दाणेदार पण धारदार, की स्वच्छ पण हुकलेला? मी पहिला घेईन. जोर-बैठकांना मात्र अजून थ्रीच नेतो.

धबधब्याचं दुःख वेगळं. पावसाळ्यात आपण राऊतवाडीला जातोच. थ्रीमध्ये आतच एनडी फिल्टर आहे, उजेड तीन स्टॉपनं कमी करणारा, म्हणजे एक अष्टमांशावर आणणारा. ढगाळ दिवशी एफ ११ ला शटर १/४० सेकंदाच्या आसपास येत असेल, तर फिल्टर लावला की १/५. पाण्याचा पदर होतो. सेव्हनमध्ये तो फिल्टर काढून टाकलाय. लेन्सला बाहेरून फिल्टर बसवायला आटेही नाहीत. वेगळी रिंग चिकटवा, त्यावर फिल्टर फिरवा, आणि खिशातला कॅमेरा पिशवीत टाका. इथं मी खरंच चिडलो होतो.

म्हणून विकत घेण्याआधी एक काम करा. आपलेच जुने फोटो संगणकावर उघडा आणि प्रत्येकाच्या माहितीत लेन्स कितीवर होती, एफ किती होता, ते बघा. माझे बहुतेक फोटो २४ वर, लेन्स सताड उघडी. मग २०० कशाला घेतलं? जोतिबासाठी. चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या नाचतात तेव्हा पुढं घुसायला जागाच नसते. लांब पायरीवर उभं राहून २०० ला काठी तोलणाऱ्याचा चेहरा मिळाला, दातांपर्यंत गुलाबी. त्या फोटोसाठी पैसे गेले असं मी धरतो.

आणि गुलाल! ही लेन्स बाहेर येताना भात्यासारखी हवा आत ओढते, हवेबरोबर गुलालही. लेन्स काढता येत नाही म्हणजे आत धूळ जात नाही, हा गैरसमज आहे. उलट आत गेलेली आपल्याला काढता येत नाही, सगळा कॅमेरा उघडावा लागतो. एफ ८ च्या पुढं मोकळ्या आकाशात काळे ठिपके दिसले तर ते पाखरू नव्हे. यात्रेत कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि लेन्स आत-बाहेर करत बसू नका.

‘जुना विकला का’ असं मघाशी कुणीतरी विचारलं. नाही. बॅटरी दोघांना एकच चालते, एनपी-बीएक्स१, हे त्यातल्या त्यात सुख. फक्त कंपनीच्याच मोजणीनं थ्रीवर ती ३२० फोटो देते आणि सेव्हनवर २६०.

दोन्ही कॅमेरे टेबलावर ठेवलेत, हातात घेऊन बघा. सेव्हन चालू करण्याआधी लेन्सच्या कडेची फट निरखा. चैत्रातला गुलाल अजून तिथंच आहे.