चिनी वनौषधी घेताना

श्रोतेहो, नमस्कार.

१९९२च्या सुमारास ब्रसेल्समधल्या किडनीच्या डॉक्टरांकडे अशा बायका येऊ लागल्या, ज्यांना आधी किडनीचा कसलाच त्रास नव्हता. आता मात्र त्यांच्या किडन्या झपाट्यानं निकामी होत होत्या. चौकशी केली तेव्हा कळलं, की या सगळ्या वजन उतरवायला एकाच दवाखान्यातून चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल घेत होत्या.

घोळ झाला होता तो ‘फांग-जी’ या नावामुळे. या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वनस्पतींची मुळं विकली जात. कॅप्सूलमध्ये जायला हवी होती स्टेफानिया, गेली ॲरिस्टोलोकिया. तिच्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल किडनी कायमची खराब करतं आणि पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही घडवतं. शंभराहून अधिक रुग्णांना ही बाधा झाली. कितीतरी जणींवर डायलिसिसची किंवा किडनी बदलण्याची वेळ आली. औषध थांबवल्यावरही नुकसान थांबलं नाही. आपल्याकडची सापसंद, म्हणजे ईश्वरी, हीदेखील याच कुळातली आहे, हे ध्यानात असू द्या.

चिनी वैद्यक टाकाऊ आहे, असं मी मुळीच म्हणत नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन ‘छिंगहाव’ या चिनी वनस्पतीतूनच मिळालं, आणि त्यासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळालं. पण ज्या झाडात गुण देण्याची ताकद आहे, त्यात अपाय करण्याचीही असते. म्हणून कुणी परदेशातून पुडी आणून दिली आणि तिच्यावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव नसेल, तर ती घेऊ नका. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ एवढ्या छापील शब्दांवर विसंबू नका. अशा तयार गोळ्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक गुपचूप मिसळल्याचं अनेक देशांतल्या तपासण्यांत आढळलं आहे.

रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी ‘दान-शेन’ ही चिनी वनौषधी टाळावी, रक्तस्राव होऊ शकतो. अनेक चिनी काढ्यांत ‘गान-त्साव’ असतं. ते आपल्या ज्येष्ठमधाचंच भावंड. जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. गरोदर बायकांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच घेऊ नये. ऑपरेशन ठरलं असेल, तर काय काय घेता ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा. घरगुती आहे, त्यात काय सांगायचं, असं म्हणून गप्प राहू नका.

आणि ‘फू-झी’. ही बचनागाच्या जातीची मुळी. बचनाग आधी शुद्ध करून घ्यावा लागतो हे आपल्या वैद्यांना ठाऊक असतंच. चीनमध्येही ही मुळी आधी प्रक्रिया करून, मग बराच वेळ उकळून देतात. उकळणं कमी पडलं, तर विष शिल्लक राहतं. काढा घेतल्यावर ओठ, जीभ किंवा हातपाय बधिर झाले, मुंग्या आल्या, छातीत धडधडलं, तर घरी थांबू नका. तडक हॉस्पिटल गाठा, आणि उरलेला काढा व पुडी दोन्ही बरोबर घेऊन जा.