मुंग्या गेल्या, चित्रही गेलं

ठाण्यात नौपाड्यातली ही जुनी गच्ची. कपड्यांची दोरी ज्या पाइपला बांधलीय, त्याच्या टोकाला अजून अँटेना आहे. अॅल्युमिनियमची सगळ्यात लांब काडी टेपने मोजली, तर साडेसात फूट भरली.

एवढी लांब कशाला? मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं ते चॅनेल 4 वर, म्हणजे 61 ते 68 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. तिथली लहर साडेचार मीटरच्या पुढे. ती नीट धरायची, तर काडी तिच्या निम्मी हवी. वरळीचा मनोरा इथून पंचवीसेक किलोमीटर.

खाली रिक्षा सुरू झाली की पडद्यावर ठिपके नाचायचे. गिरणीची मोटर लागली की आडव्या रेघा. पण ठिपक्यांच्या त्या मुंग्यांतूनही बातम्या देणारी बाई ओळखू यायची, आणि गच्चीवरून हाक जायची, "आलं का?"

डिजिटल प्रक्षेपण एवढं सोशिक नाही. थोड्या चुका ते स्वतः दुरुस्त करतं, तोवर चित्र अगदी लखलखीत. गोंगाट त्यापुढे गेला की चौकोन, तुटका आवाज आणि काळा पडदा. मध्ये मुंग्यांचा टप्पाच नाही.

आता हा मीडियम वेव्हचा रेडिओ या एलईडी बल्बजवळ नेतो. ऐका. गुर्रर्र. स्वस्तातले बल्ब, चार्जर, लिफ्टच्या मोटरी, सगळे असा कचरा हवेत सोडतात, आणि टीव्हीच्या पट्ट्यांपैकी तो सर्वात जास्त साचतो चॅनेल 4 च्या याच खालच्या, कमी मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. त्यात खिडकीत ठेवायचा अँटेना हातभर. पाच मीटरच्या लहरीपुढे तो काय पुरणार?

अमेरिकेने हे भोगलंय. 12 जून 2009 ला तिथली मोठी केंद्रं अॅनालॉगमधून, म्हणजे जुन्या मुंग्यावाल्या प्रक्षेपणातून, बाहेर पडली. फिलाडेल्फियातलं एक केंद्र डिजिटल होऊनही खालच्या पट्ट्यातल्या जुन्या चॅनेल 6 वरच राहिलं, आणि घरोघरी चित्र गायब. शेवटी प्रक्षेपणाची ताकद जवळपास चौपट करावी लागली.

दूरदर्शनने 2016 मध्ये मुंबईसह 16 शहरांत डिजिटल आणलं ते यूएचएफवर, म्हणजे आखूड लहरींच्या वरच्या पट्ट्यात. तिथे फूटभर काडी पुरते. माझ्या मते हे शहाणपणाचं झालं.

गच्चीवरचा अँटेना मात्र घरमालकीणबाई काढू देत नाहीत. चादर वाळत घालायला साडेसात फुटी काडी दुसरीकडे कुठे मिळणार?